कलावंताची मधली वर्षं

आपल्याकडच्या कलाविषयक योजनांचे अर्ज समोर घेतले आणि त्यातला फक्त वयाचा रकाना वाचत गेलं, तरी धोरणाचा कल लक्षात येतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीपर्यंतच मिळतो. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयात मिळते, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान पहिल्या पुस्तकासाठी असतं. आता दुसरं टोक पाहू. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेतून दरमहा ५,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी पन्नाशी पूर्ण हवी आणि उत्पन्न अगदी तुटपुंजं हवं. केंद्राचं ज्येष्ठ कलावंतांसाठीचं अर्थसाहाय्य साठीनंतर सुरू होतं. म्हणजे कलावंत उमेदवारी करत असेल तर त्याच्या पाठीवर थाप आहे, थकला असेल तर आधार आहे. मधली जी वर्षं तो खरोखर काम करतो, त्यांच्याकडे मात्र फारसं कुणी पाहिलेलं नाही.

ही मधली वर्षं साधारण चाळिशीच्या आसपास सुरू होतात. तोवर चित्रकाराची दोन-चार प्रदर्शनं झालेली असतात, नाटककाराची नाटकं रंगमंचावर आलेली असतात, गायिकेला मैफली मिळू लागलेल्या असतात. नाव झालेलं असतं, पण त्या नावावर घर चालत नाही. मुलांची शिक्षणं आणि आईवडिलांची आजारपणं याच काळात येतात, म्हणून शिकवण्या, मालिकांचं लेखन, जाहिरातींची कामं आणि महाविद्यालयातले तासिका तत्त्वावरचे तास वाढत जातात. कलेच्या दृष्टीनेही हाच काळ नाजूक असतो. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत घडवलेली शैली हाताला इतकी बसलेली असते की तिच्यातून बाहेर पडायचं तर काही काळ बिनभरवशाचं काम करावं लागतं. त्यासाठी लागतो सलग वेळ, आणि चाळिशीतल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. म्हणून कलेवर खर्च करायला समाजाकडे मोजकेच पैसे असतील, तर त्यातला मोठा वाटा या वयातल्या कलावंतांना वेळ विकत घेऊन देण्यासाठी वापरावा, असं माझं मत आहे.

याचा पुरावा आपल्याच चित्रकलेच्या इतिहासात आहे. वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर घराण्याच्या निधीतून मिळालेल्या पाठ्यवृत्तीवर. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती आणि मुंबईच्या चित्रवर्तुळात त्यांना मान होता. वर्षाला मोजकीच चित्रं करणारा हा माणूस बाजाराच्या गतीने कधी चाललाच नसता. तैयब मेहतांना त्याच निधीची पाठ्यवृत्ती १९६८ मध्ये मिळाली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तोवर त्यांचे कॅनव्हास रंगाच्या जाड थरांनी भरलेले असत. अमेरिकेत तिथल्या बार्नेट न्यूमन या चित्रकाराची चित्रं पाहिल्यानंतर त्यांच्या कामात सपाट रंगपृष्ठं आली आणि लगोलग, १९६९ मध्ये, चित्राला तिरकी छेदणारी ती कर्णरेषा आली. पुढे तैयब मेहता म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येऊ लागली. त्या पैशामागे शीतयुद्धाच्या काळातलं अमेरिकेचं सांस्कृतिक राजकारण होतं, हे विसरून चालणार नाही. पण निवड कोणत्या वयातल्या माणसांची झाली आणि त्यांच्याकडून काय मागितलं गेलं, हे पाहण्यासारखं आहे. अमुक इतकी चित्रं काढून द्या, अशी अट त्यात नव्हती.

याहून बोलकं उदाहरण अकबर पदमसींचं आहे. १९६९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांना जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. ते पैसे स्वतःच्या स्टुडिओत घालून ते स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची कार्यशाळा उघडली आणि तिथे सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, छायाचित्रणाची आणि मुद्राचित्रणाची सोय केली. चित्रकाराने चित्रपट करून पाहावा आणि निरनिराळ्या क्षेत्रांतल्या माणसांनी एका छताखाली काम करावं, हा त्यामागचा विचार. पदमसींनी स्वतः तिथे ‘सिझीजी’ नावाचा लघुपट केला. रेषा आणि बिंदूंच्या रेखाटनांतून उभा राहिलेला हा ॲनिमेशनपट आजही विचित्र वाटावा इतका काळाच्या पुढचा आहे. त्या कार्यशाळेत जे. जे. कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली तेवीस वर्षांची एक चित्रकार काम करत होती. तिचं नाव नलिनी मलानी. पहिले लघुपट तिने तिथेच केले. पुढे व्हिडिओ आणि छायाप्रतिमांमधून तिने जे काम उभं केलं, त्याचा पूर्वलक्षी आढावा २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने घेतला. एका मध्यमवयीन चित्रकाराला दिलेल्या पाठ्यवृत्तीतून धाकट्या पिढीतली एक कलावंत घडली. तरुणांना थेट पैसे देण्यापेक्षा कधी कधी त्यांच्या आधीच्या पिढीला मोकळं करणं अधिक फळतं, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात आलेली नाही.

नाटकातही हेच दिसतं. गिरीश कार्नाडांनी १९७० मध्ये मद्रासमधली प्रकाशनसंस्थेतली नोकरी सोडली आणि त्याच वर्षापासून दोन वर्षं त्यांना होमी भाभा पाठ्यवृत्ती होती. ‘हयवदन’ त्याच काळातलं. विजय तेंडुलकरांना ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ येऊन गेल्यावर, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमाराला, नेहरू पाठ्यवृत्ती मिळाली. त्यांचा विषय होता समाजातली वाढती हिंसा आणि आजच्या रंगभूमीशी तिचं नातं. त्या अभ्यासातून अमुक एक नाटक जन्मलं, असं बोट ठेवून दाखवता येणार नाही. परंतु त्यानंतरच्या दशकात त्यांनी लिहिलेल्या ‘निशांत’, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ या पटकथा एकापाठोपाठ एक पाहिल्या, तर हिंसेकडे पाहण्याची त्यांची नजर व्यक्तीवरून व्यवस्थेकडे कशी सरकली ते दिसतं. पाठ्यवृत्तीचं फळ असंच येतं, उशिरा आणि वाकड्या वाटेने. वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र मागणाऱ्या कार्यालयाला ते कधीच दिसत नाही.

आज चाळिशीतल्या कलावंतापुढे नेमकं काय आहे? सरकारी खात्यातली सर्वांत महत्त्वाची संधी म्हणजे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची वरिष्ठ पाठ्यवृत्ती. ती चाळिशीच्या पुढच्यांसाठी आहे. दरमहा २०,००० रुपये, दोन वर्षं, पैसे सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. निवडीचं काम दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राकडे, म्हणजे सीसीआरटीकडे असतं. देशभरातून जास्तीत जास्त २०० जण निवडले जातात, आणि त्यात साहित्यापासून लोककलेपर्यंत सगळे आले. २५ ते ४० वयोगटासाठी याचीच कनिष्ठ पाठ्यवृत्ती आहे, दरमहा १०,००० रुपयांची. योजना चांगली आहे आणि मराठी कलावंतांनी तिच्यासाठी जरूर अर्ज केले पाहिजेत. पण तिची नियमावली नीट वाचावी. पाठ्यवृत्ती संशोधनासाठी आहे. सादरीकरणाशी निगडित प्रकल्प चालतो, मात्र अर्जदाराची अभ्यासातली आणि कलेतली अशी दोन्ही तयारी दिसावी लागते. प्रशिक्षण, कार्यशाळा, परिसंवाद, आत्मचरित्र आणि कथा-कादंबरीचं लेखन यांसाठी ती नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे दशावतारातल्या संकासुरावर प्रबंध लिहायला पैसे आहेत, दशावतारी मंडळातल्या माणसावर कादंबरी लिहायला नाहीत. शिवाय ही रक्कम दहा वर्षांहून अधिक काळ तीच आहे. दरम्यान पुण्या-मुंबईत एका खोलीचं भाडं कुठे गेलं, ते सांगायला नको.

याखेरीज मंत्रालयाच्या इतर योजना आहेत, पण त्या बहुतेक संस्थांच्या नावाने. सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदानात एका प्रकल्पाला साधारण ५ लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती नोंदणीकृत न्यास, सोसायटी अशा संस्थेला. रंगमंडळ अनुदान गुरू आणि शिष्य अशा रचनेत मासिक मानधन देतं. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत, म्हणजे सीएसआरमध्ये, कला आणि संस्कृती हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातच आहे. तरी तो पैसा एकट्या चित्रकाराच्या खात्यात येत नाही, बहुधा नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत खर्च होतो. म्हणून ज्यांचा गट आहे त्यांनी संस्था नोंदवून हिशेब, लेखापरीक्षण आणि आयकराची कागदपत्रं पहिल्या वर्षापासून नीट ठेवावीत. कागद पूर्ण नसल्यामुळे दार बंद होणं ही आपल्याकडच्या नाट्यसंस्थांची जुनी रड आहे.

व्यक्तीला थेट अनुदान देणाऱ्यांत बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं नाव आधी घ्यायला हवं. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कला-संशोधन, कलाव्यवहार, अभिलेखागारं आणि संग्रहालयं अशा विभागांत अनुदान देते. वयाने कुणाला वगळत नाही आणि इंग्रजीखेरीज भारतीय भाषांतले प्रस्तावही स्वीकारते. गायतोंडे आणि मेहतांना ज्या निधीने पाठवलं त्याच्या आशियाई कार्यक्रमातूनच १९८० मध्ये एशियन कल्चरल कौन्सिल उभी राहिली. नाटककार सतीश आळेकर १९८३ मध्ये तिच्याच पाठ्यवृत्तीवर अमेरिकेतली रंगभूमी पाहायला गेले होते. अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कलावंतांसाठी १९२५ पासूनची गुगनहाइम पाठ्यवृत्ती आहे. ती मुद्दामच कारकिर्दीच्या मध्यावरच्या माणसांसाठी आहे आणि नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांनाही खुली असते.

अर्ज लिहिताना एका जागी जवळजवळ सगळे चुकतात, म्हणून तिथे जरा थांबतो. प्रायोगिक नाटकाच्या प्रस्तावाचा अंदाजखर्च घ्या. तालमीच्या जागेचं भाडं, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, टेम्पो, नाट्यगृहाचं भाडं, नटांची नाईट, हे सगळं पैशापैशाने लिहिलेलं असतं. दिग्दर्शक आठ महिने या नाटकावर बसणार आहे, त्याच्या नावापुढे मात्र काहीच नसतं. संकोच असतो, शिवाय स्वतःसाठी पैसे मागितले तर प्रस्ताव नाकारतील अशी भीती असते. परिणामी नेपथ्याला पैसे मिळतात आणि दिग्दर्शक आठ महिने शिकवण्या करत, रात्री साडेनऊनंतर तालमी घेतो. योजनेचे नियम परवानगी देत असतील तिथे स्वतःच्या मानधनाची ओळ लिहिलीच पाहिजे. नियम परवानगी देत नसतील, तर त्या योजनेने कलेच्या मुख्य खर्चाकडेच डोळेझाक केली आहे.

लोककलांमध्ये ही तूट अधिक उघडी पडते. ढोलकी-फडाचा तमाशा हंगामाआधी कलावंतांना उचल देतो. ती उचल द्यायला फडमालक व्याजाने पैसे काढतो, नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी ठरवायला येतात, आणि पाऊस किंवा निवडणूक आडवी आली की कर्ज पुढच्या हंगामावर जातं. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाची तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी यांच्या पथकांना अनुदानं आहेत, पण ती पथकाला आणि प्रयोगाला मिळतात. चाळिशीतली एखादी वगसम्राज्ञी नवा वग लिहून बसवू म्हणाली, तर त्या चार महिन्यांची उचल तिला कोण देणार? पन्नाशीनंतर ५,००० रुपये मिळतील हे खरं. पण तोवर ती तेच जुने वग करत राहील आणि आपण म्हणू, तमाशात नवं काही येत नाही.

बायकांच्या बाबतीत वयाची अट दुहेरी कापते. पस्तिशीपर्यंतची युवा संधी नेमक्या त्या वर्षांत संपते, जेव्हा बाळंतपणं आणि लहान मुलं यांमुळे कितीतरी जणींचं काम थांबलेलं असतं. चाळिशीला त्या परत उभ्या राहतात तेव्हा ‘युवा’ नसतात आणि ‘ज्येष्ठ’ही नसतात. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्याला राष्ट्रीय कलानिधीने बहुतेक वैयक्तिक पाठ्यवृत्त्या बंद केल्या, तेव्हा एका छायाचित्रकार स्त्रीने १९९६ मध्ये नाव न सांगता फक्त चाळिशीपुढच्या कलावंत स्त्रियांसाठी अनुदान सुरू केलं. आपण कोण हे तिने २०१८ मध्येच उघड केलं. असा विचार करणारा एखादा धनिक आपल्याकडेही पुढे यायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की पंचेचाळिशीपर्यंत ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही, त्याला समाजाने का पोसावं? बाजार योग्य किंमत देतोच की. उत्तर तैयब मेहतांच्या आयुष्यातच आहे. त्यांचं ‘महिषासुर’ २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडून गेलं, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. लिलावातला पैसा मुख्यतः ज्याच्याकडे चित्र असतं त्याला मिळतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आलं आहे. १०,००० रुपयांवरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा मिळावा असं ते म्हणतं, पण व्यवहारात त्याचा वापर फार क्षीण आहे. बाजार किंमत देतो, पण चाळीस वर्षं उशिरा आणि दुसऱ्याच माणसाला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गायतोंडे, मेहता, तेंडुलकर ही यशस्वी माणसं. पाठ्यवृत्ती घेऊन काहीच न केलेल्यांची नावं कुणी सांगत नाही, मग ही उदाहरणं पुरावा कशी मानायची? हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच आयर्लंडचा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं, कोणतीही कलाकृती न मागता द्यायला सुरुवात केली. पात्र अर्जदारांतून निवड चिठ्ठ्या टाकून झाली, आणि तुलनेसाठी पैसे न मिळालेल्या १,००० जणांचा गटही ठेवला गेला. पैसे मिळालेले कलावंत कलेला दर आठवड्याला जास्त तास देऊ लागले, त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं, आणि कलेत टिकून राहण्याचं प्रमाण वाढलं. सरकारने करून घेतलेल्या मूल्यमापनात खर्चाच्या एका युरोमागे समाजाला १.३९ युरोचा लाभ निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये योजना पुढे चालू ठेवण्याची घोषणा झाली. आयर्लंड छोटा आणि श्रीमंत देश आहे, त्याची नक्कल महाराष्ट्राला जमणार नाही. पण ‘फुकट पैसे मिळाले की माणूस आळशी होतो’ हा समज तिथे तपासला गेला आणि टिकला नाही.

मग शेतकऱ्याला, शाळेला पैसे नसताना कलेला का? ही तुलना मनाला भिडते, पण आकडे मांडले की तिचा जोर कमी होतो. समजा, राज्याने दर तीन वर्षांनी १०० कलावंत निवडून त्यांना दरमहा ४०,००० रुपये दिले. वर्षाचा खर्च ४ कोटी ८० लाख. अ दर्जाच्या मराठी चित्रपटाला राज्य ४० लाखांचं अनुदान देत आलं आहे, म्हणजे ही रक्कम अशा बारा चित्रपटांच्या अनुदानाएवढी झाली. चित्रपटांचं अनुदान काढून घ्या असं मी म्हणत नाही. एवढ्या रकमेने शेतीचा वा शाळांचा प्रश्न सुटत नाही आणि तो अडतही नाही, इतकंच.

सरकारी पैसा घेतला की लेखणी बोथट होते आणि निवड समितीत ओळखीचे बसतात, या भीतीला मात्र आधार आहे. तिच्यावरचा उपाय रचनेतच करावा लागेल. समितीतले सदस्य दरवर्षी बदलावेत, त्यात अर्ध्याहून अधिक कलावंत असावेत, आणि निवडलेल्यांची नावं कारणांसह जाहीर व्हावीत. अंतिम यादीत पात्र उमेदवार जागांपेक्षा जास्त असतील तर आयर्लंडसारख्या चिठ्ठ्या टाकायला हरकत नाही, कारण त्या टप्प्यावर गुणांचा फरक उरलेला नसतो आणि वशिल्याला तिथेच सर्वांत जास्त वाव असतो. मंजूर झालेली पाठ्यवृत्ती कलाकृतीच्या आशयावरून मध्येच थांबवता येणार नाही, हे शासन निर्णयातच लिहिलेलं असावं.

अर्ज मराठीत असावा आणि तोंडी सांगितलेला प्रस्ताव ध्वनिमुद्रित करूनही चालावा. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीवर हंगामभर रात्र-रात्र नाटक करणाऱ्या नटाकडे किंवा सावंतवाडीच्या दशावतारी मंडळात वीस वर्षं राजपार्ट करणाऱ्याकडे इंग्रजी प्रकल्प-अहवाल नसतो, पण आपल्याला पुढे काय करून पाहायचं आहे हे तो दहा मिनिटांत स्पष्ट सांगू शकतो. ते ऐकून घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी समितीने वर्षातून एक दिवस बसावं. अर्जाची मुदत हंगामाच्या मध्यावर ठेवू नये, पावसाळ्यात ठेवावी, कारण फड आणि मंडळं तेव्हाच घरी असतात.